भाचीची गोळी आणि आमच्या पेशी

आमच्या गावात मी रक्त बनवतो अशी ख्याती पसरली, ती माझ्या थोरल्या बहिणीच्या कृपेने. मी पेशींवर संशोधन करतो, त्यातही एका जनुकावर करतो, ते जनुक दुरुस्त करता येतं का एवढंच बघतो, हे सगळं मी एकदा तिला ओट्यावर बसून नीट समजावलं होतं. आक्काने मान डोलावत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण घेऊन गेली तेव्हा त्याचा सारांश करून टाकला. "भाऊ माझा औरंगाबादला रक्त तयार करायलाय." तेव्हापासून मी सुट्टीत गावी गेलो की पारावरची म्हातारी मंडळी माझ्याकडे आदराने आणि जरा सावधपणे बघायची. एकाने तर विचारलंही, "लाल रंग कसा आणता रं?"

गाव देवगाव रंगारीच्या पुढचं. घर मेंढपाळांचं, शिकलेला मी एकटाच. आणि रक्ताचा विषय आमच्या घरात चेष्टेचा नव्हता, कारण आक्काच्या मुलीला थॅलेसेमिया होता. तिच्या शरीराला धड रक्तच बनवता येत नसे. दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त भरावं लागे.

हे कसं झालं ते सांगतो. माझे वडील मेंढ्यांच्या बाबतीत फार काटेकोर. एकच मेंढा कळपात वर्षानुवर्षं ठेवायचा नाही, कोकरं दुबळी निपजतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी लांबच्या वाड्यावरून नवा मेंढा आणायचे. त्यासाठी ते पार सोयगावपर्यंत चालत गेलेले आहेत. पण माणसांची गोष्ट आली की मामाची पोरगी आत्याच्या पोराला हक्काची! आक्काचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं, घरातली पोर घरात राहिली म्हणून सगळे खूश. आजा-आजीपैकी कुणाच्या तरी अंगातला एक दोष दोन वाटांनी खाली उतरला होता. एक वाट वडिलांकडून आक्काकडे, दुसरी आत्याकडून दाजींकडे. दोघांनाही कधी काही जाणवलं नाही, कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक चांगली असली की भागतं. पोरीला दोन्हीकडून खराब मिळाली. मी माझंही तपासून घेतलं, तर मीही त्याच वाटेवरचा निघालो. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते खांद्यावरची घोंगडी काढून खाली बसले. मग म्हणाले, "मेंढ्याचं कळत हुतं रं मला." त्यांचा हात मी धरून ठेवला, आणखी काय करणार?

भाची तेव्हा दहा-अकराची असेल. रक्त भरायच्या दिवशी आक्का तिला घेऊन एसटीने शहरात यायची. येताना पोर फिकट, चिडकी, बसल्या जागी पेंगणारी. रक्त भरून झालं की गाल भरायचे आणि तोंड सुटायचं. मग संध्याकाळी माझ्या खोलीवर ती मला ताटलीभर भजी संपेपर्यंत प्रश्न विचारायची. मला ती फार आवडायची, अजूनही आवडते. फार आगाऊ पोरगी.

रक्त भरण्यात एक वाईट गोष्ट आहे. रक्ताबरोबर लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते साठत जातं, यकृतात जातं, हृदयात जातं, आणि थॅलेसेमियाची पोरं बऱ्याचदा त्यानेच दगावतात. त्यासाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी पाण्यात विरघळवून प्यायची असते. चवीला खडूचा चुरा. रक्त चुकलं तर पोर दोन दिवसांत कोमेजलेली दिसते. गोळी चुकली तर वर्षभर काहीच दिसत नाही, म्हणून गोळीची भीती मला जास्त.

आता आमच्या प्रयोगशाळेविषयी. ती दुष्काळाची वर्षं होती. शहर मात्र सुटलं होतं. बायपासच्या पलीकडे ज्वारीच्या रानांत प्लॉट पडत होते, उंच इमारतींच्या पाट्या लागत होत्या, आणि एवढ्या लोकांना पाणी कुठून आणणार हे विचारणारा माणूस येडा ठरत होता. जायकवाडीने तळ दाखवला होता. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी यायचं आणि येण्याची वेळ कुणालाच ठाऊक नसायची. आमच्याकडे पेशी वाढवायला अतिशय शुद्ध पाणी लागतं, आणि तांब्याभर शुद्ध पाणी उकळून वाफेतून मिळवायला ती वाफ गार करणारं पाणी बादल्या बादल्या वाहून जातं. ते आम्ही ड्रममध्ये धरायचो. त्यानेच भांडी धुवायची, फरशी पुसायची, उरलं तर जिन्यातल्या कुंड्यांना. तळमजल्यावर पंप सांभाळणारे एक चाचा होते. नळाला धार आली की ते जिन्यात उभं राहून ओरडायचे, "पानी आया! भरो, भरो!" आणि दोन्ही मजल्यांवरचे डॉक्टरेट झालेले आणि व्हायचे असलेले सगळे लोक बादल्या घेऊन पळत सुटायचे.

माझ्या वरिष्ठ एक ताई होत्या. जुन्या शहरातल्या, पिढ्यान्पिढ्या भिक्षुकी आणि मग कारकुनी केलेल्या घरातल्या. घरी त्या सोवळंओवळं काही मानत नसत. ते सगळं त्यांनी प्रयोगशाळेत आणलं होतं. पेशींचं काम एका काचेच्या कपाटात हात घालून करायचं असतं, त्याला आम्ही हूड म्हणतो. त्या हूडला स्पिरिटने हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, त्यासमोर बोलायचं नाही, शिंक आली तर खोलीबाहेर जाऊन शिंकायचं. मी पहिल्या आठवड्यात बाही गुंडाळायला विसरलो तर म्हणाल्या, "घरी जा. उद्या माणसासारखे या." त्यांचा धाक होता आणि त्यांच्यावर माझा जीवही होता. काम त्यांनीच मला शिकवलं.

काम ऐकायला सोपं वाटतं. वर्षानुवर्षं प्रयोगशाळांत वाढत आलेल्या माणसाच्या पेशी घ्यायच्या, त्यांत आमच्या घरातला दोष मुद्दाम घालायचा, आणि मग तो काढून दाखवायचा. घालणं लवकर जमलं. बिघडवायला अक्कल लागत नाही. काढणं मात्र जीव खाऊ लागलं. लोकांना वाटतं शास्त्रज्ञ जनुक दुरुस्त करतो. आपण काहीही दुरुस्त करत नाही. आपण नेमक्या जागी कापतो, शेजारी बरोबर नमुना ठेवतो आणि हात जोडून बसतो. दुरुस्ती पेशी करते, आणि तिला कायम घाई. फाटलेली गोधडी पाहुणे दारात असताना शिवावी, तशी ती दोन टोकं ओढून टाका घालते. नमुन्याकडे बघतच नाही. शेकड्यांनी पेशी अशा घाईने शिवलेल्या निघायच्या. क्वचित एखादी नमुना बघून काम करायची, तर तिची एक प्रत सुधारलेली आणि दुसरी आणखी बिघडलेली. एखादीच्या दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या म्हणून पेढे आणावेत, तर कळायचं की आमच्या कात्रीने दुसरीकडे, तशाच दिसणाऱ्या जागीही कापलंय. शिवाय बाहेरून बघून यातलं काहीच कळत नाही. एकेक पेशी वेगळी ठेवायची, ती एकटी जगली तर तिची वस्ती वाढवायची, मग तपासायची. आणि पेशी एकटीने राहायला राजी नसते, आमच्या गावच्या म्हाताऱ्यांसारखीच.

हे सगळं जमलं तरी ते डिशमधलं, म्हणजे पेशी वाढवायच्या बशीतलं. खऱ्या पोरीसाठी तिच्या हाडातल्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, बाहेर सुधारायच्या, तिच्या हाडातली जागा जहाल औषधाने रिकामी करायची आणि मग त्या परत घालायच्या. त्यातल्या किती रुजतील, आणि कुठे चुकून कापलेलं वीस वर्षांनी काय रंग दाखवील, हे छातीठोकपणे सांगणारा मला तेव्हा कुणी भेटला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर भाचीच्या तपासणीत लोह एकदम वाढलेलं आलं. डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या, त्यांनी मला बोलावून घेतलं. "गोळी चालू आहे का?" आक्का शपथा घ्यायला लागली. पोर रोज सकाळी तिच्यासमोर गोळी विरघळवते, ग्लास घेऊन अंगणात जाते, रिकामा ग्लास आणून देते. मग बोलता बोलता आक्काच थांबली. अंगणात तेलाच्या डब्यात मोगऱ्याचं एक रोप होतं. प्यायला पाणी नव्हतं तिथे रोपाला कोण घालतंय? गल्लीतलं सगळं वाळून गेलं आणि तो मोगरा तेवढा हिरवा राहिला होता. लोह काढणारं औषध पिऊन तो कसा जगला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पोरीने कबूल करायला वेळ लावला नाही. उलट आम्हीच कसे बावळट, अशा नजरेने बघत म्हणाली, "मामा नवं रक्त करायलाय ना? ते आलं की बाहेरचं रक्त बंद. मग लोखंड कुठून येईल? उगं कशाला प्यायचं ते घाण पाणी?"

तर्कात काही चूक नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला रागावून सांगितलं, आक्काने पाठीत धपाटा घातला. मी तिला खोलीवर आणून जवळ बसवलं आणि सांगितलं, "बाळा, मला अजून काहीच जमलेलं नाय. लई वेळ लागंल."

"तू सारखं असंच म्हणतोस. आई म्हणती, मामाला मिरवायला आवडत नाय."

मी जितकं नाही म्हणायचो तितका मी गावात मोठा होत होतो. पुढच्या महिन्यातही लोह वाढलेलंच होतं. ग्लास आता आक्काच्या देखत रिकामा व्हायचा, पण पोर नंतर मोरीत जाऊन बोटं घालून उलटी काढायची, हे दाजींनी पाहिलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की असंच चाललं तर पहिला फटका हृदयाला बसेल, आणि तो बसल्यावर मग कुणाचंच काही चालणार नाही.

मी ताईंना सांगितलं. त्या हातातलं काम ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तिला सांगून उपयोग नाही. दाखवा. एक दिवस इथे बसू द्या. आपलं काम जवळून बघितलं की माणसाचा आपल्यावरचा विश्वास आपोआप उडतो."

पण दिवस नेमका चुकीचा निघाला. पुढच्या खेपेला पोर आली तेव्हा आमचं चक्क जमलेलं होतं. वर्षभराच्या खटपटीनंतर एक वस्ती अशी निघाली होती की सगळ्या प्रती चांगल्या आणि दुसरीकडे तपासलं तिथे कुठेही ओरखडा नाही. एकच वस्ती, एकाच छोट्या डिशमध्ये. गोठवून बाजूला ठेवावी इतक्या पेशीही नव्हत्या, म्हणून त्या दिवशी ताई त्यांना मोठ्या डिशमध्ये हलवणार होत्या.

रक्त भरणं दुसऱ्या दिवशी होतं. आक्का औषधांच्या रांगेत गेली आणि भाची माझ्याबरोबर आली. ताईंनी तिला स्वतःचा अॅप्रन घातला, तो तिच्या घोट्यापर्यंत आला. स्पिरिटने हात धुवायला लावले, स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही. काहीही झालं तरी." मग सूक्ष्मदर्शकात बघू दिलं.

"तांदूळ सांडल्यागत दिसतंय," ती म्हणाली. "मावशी, ह्या बऱ्या झाल्याल्या?"

"हो. या सगळ्या एकीच्याच लेकी. सगळ्या बऱ्या."

"मग मला घाला की."

"या तुझ्या नाहीत, तुझं अंग यांना घेणार नाही. आणि या रक्त बनवत नाहीत."

पोर थोडी हिरमुसली, पण लगेच माझ्याकडे वळली. "पण जमलं ना तुला? बघ, मी म्हणत हुते ना!" डोळे असे लकाकत होते की मी ताईंकडे बघितलं. आम्ही विश्वास उडवायला आणली होती आणि तो पक्का होत होता.

ताईंनी काम सुरू केलं. पेशी डिशच्या तळाला चिकटलेल्या असतात. त्या सोडवायला ट्रिप्सिन नावाचा पाचक रस घालतात, इनक्युबेटरच्या उबेत थोडा वेळ ठेवतात, आणि पेशी सुटल्या की लगेच त्यांचं खाद्य घालून तो रस थांबवतात. जास्त वेळ राहिला तर तो पेशींनाच खाऊन टाकतो. हे सगळं त्या पोरीला सांगत होत्या. रस घातला, डिश इनक्युबेटरमध्ये ठेवली, टायमर लावला.

आणि जिन्यात चाचांचा आवाज घुमला, "पानी आया! भरो, भरो!"

सात दिवस पाणी नव्हतं. ड्रमच्या तळाला गाळ होता. मी उठलो कधी आणि बादली हातात आली कधी, मला आठवत नाही. माझ्या पुढे ताई धावत होत्या, पदर खोचून. जन्मभर याच शहरात त्या अशाच धावत आल्या होत्या. पाणी आलं हे शब्द कानावर पडले की पाय मेंदूला विचारत नाहीत. खाली सगळा विभाग जमला होता. कुणी नळीचं तोंड धरलंय, कुणी भांडतंय, चाचा सगळ्यांना शिस्त लावतायत. आम्ही सगळे ड्रम भरले, कॅन भरले, कुंड्यांनाही घातलं. भिजलेल्या बाह्यांनी, हसत, खुशीत वर आलो.

पोर स्टुलावर तशीच बसलेली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. टायमर ओरडत होता.

"लई येळ झाला वाजतोय," ती म्हणाली. "मी हात नाय लावला."

ताईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. त्यांनी डिश काढली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, खाद्य घातलं, उरलं ते नव्या डिशमध्ये ठेवलं. सगळं रीतसर, एकही पायरी न गाळता. आत तांदूळ नव्हते. चिकट चोथा तरंगत होता.

"मेल्या?" पोरीने विचारलं.

"उद्या कळेल," ताई म्हणाल्या.

"तुमचं त्वांड आजच सांगतंय की."

मग तिला जे कळत नव्हतं ते तिने विचारलं. "मावशी, तुमी एवढ्या शिकलेल्या. मामाचं एवढं काम. आन तुमी पाण्यामागं पळालात?"

"पळाले," ताई म्हणाल्या. "घरी गॅसवर दूध असलं तरी पळते." आणि त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, भिजलेल्या पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. पोर भांबावली. आधी ताईंकडे, मग माझ्याकडे बघायला लागली.

"आता?" तिने हळूच विचारलं.

"आता पहिल्यापासून."

"किती दिस?"

"वर्ष. जास्तच. आणि तेही डिशमध्ये. तुझ्यापर्यंत यायला किती, ते मला ठाऊक नाय. कदाचित मी म्हातारा होईन. कदाचित माझ्याच्यानं व्हायचंच नाय, दुसरं कुणी करील."

हे सगळं मी तिला आधीही सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. या वेळी तिने ते खरं मानलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि अॅप्रनच्या लांब बाहीने डोळे पुसत राहिली. मला तिच्याजवळ जाऊन सांगावंसं वाटत होतं की नाही गं, होईल लवकर, मामा आहे ना. ओठांवर आलं होतं. ते गिळायला मला जेवढे कष्ट पडले तेवढे त्या वर्षीच्या कुठल्याच प्रयोगाला पडले नसतील.

रात्री दोघी माझ्या खोलीवर राहिल्या. पोर जेवली नाही, बोलली नाही, आक्काला बिलगून झोपली. आक्काने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती म्हणाली, "आता तर मुळीच नाय पिणार बघ ती." मलाही तेच वाटत होतं. आशेवर गोळी सोडलेली पोर निराशेवर ती धरेल, असं मानायला काय कारण होतं?

सकाळी मी चहा ठेवत होतो. मागे भांड्याचा आवाज आला. पोर उठली होती. तिने आक्काच्या पिशवीतून स्वतःच गोळी काढली, ग्लासात टाकली, चमच्याने ढवळत राहिली. आक्का अंथरुणातून बघत होती, मी गॅसजवळून. तिने नाक दाबून ग्लास तोंडाला लावला आणि संपवला. तोंड वेडंवाकडं झालं. तळाला पांढरा साका राहिला होता. तिने त्यात थोडं पाणी घातलं, ग्लास गोल फिरवला आणि तेही पिऊन टाकलं.

मग मोरीकडे गेली नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, तू घाई नगं करू. मी थांबते."

मी चहाकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे पुन्हा पेशी वाढवल्या, पुन्हा मेल्या, पुन्हा वाढवल्या. जगात काही ठिकाणी मोजक्या लोकांना असे उपचार मिळायला लागलेत, त्यांची प्रत्येक बातमी ती माझ्याआधी वाचते आणि आपल्याकडे कधी, असं विचारते. मी खोटं सांगत नाही. आता ती शहरातच कॉलेजला आहे, मेसच्या वरणाला नावं ठेवते, ताईंकडे हक्काने जेवायला जाते. दर तीन आठवड्यांनी रक्त, रोज सकाळी गोळी. ती थांबली आहे.